वारंवार बंद पडणारा गीझर आणि नाकारलेली टाकीची वॉरंटी : लेखी तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : २५ लिटर, २ किलोवॉटच्या उभ्या गीझरची पाचवी तक्रार. नवीन गीझर बसवून मिळणे अथवा पूर्ण रक्कम परत मिळणे.

महोदय,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवा केंद्राला शेवटचा फोन केला. ४१ मिनिटं लाइनवर होते. यापुढे फोन करणार नाही, जे काय ते लेखी.

गीझर २०२३च्या दिवाळीत घेतला. जानेवारी २०२४ला थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरावीक तापलं की वीज बंद करणारा भाग, गेला. ऑगस्टमध्ये एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी कॉइल, जळलं. फेब्रुवारी २०२५मध्ये ते नवीन एलिमेंटही जळलं, आणि त्या वेळी ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडून पहाटे साडेपाचला अख्ख्या घरात अंधार झाला. नोव्हेंबरमध्ये थर्मोस्टॅट चिकटला आणि पाणी जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउटही पडला नाही. आता जानेवारी २०२६मध्ये नळातून तांबूस पाणी येतंय आणि गीझरच्या बुडातून थेंब थेंब गळतंय. पाचही वेळच्या जॉब शीट सोबत जोडल्या आहेत. पहिल्या चारांवर तुमच्या लोकांनी एकच ओळ लिहिली आहे : 'पार्ट बदलला, ओके.' पार्ट का गेला, हे एकाही कागदावर नाही.

नोव्हेंबरचा प्रकार जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या नोंदीत तो नुसता 'थर्मोस्टॅट बदलला' एवढाच आहे. माझे सासरे ८३ वर्षांचे आहेत, खुब्याचं ऑपरेशन झालेलं आहे. स्टुलावर बसून, एका हाताने भिंतीचा दांडा धरून ते आंघोळ करतात. त्या दिवशी नळ सोडला तर पाण्याआधी वाफच आली. सेफ्टी व्हॉल्व्हमधून फसफस आवाज येत होता. बाबांनी पाण्याचा मग भरून उचलला होता. मी ओरडले, त्यांच्या हातातून तो पडला आणि पाणी लादीवर गेलं. मगातलं पाणी अंगावर गेलं असतं तर हे पत्र मी पोलीस स्टेशनमधून लिहीत असते.

आता टाकीबद्दल. तुमच्या वॉरंटी कार्डावर टाकीला ५ वर्षं आहेत. परवा आलेल्या तंत्रज्ञाने फ्लॅंज, म्हणजे टाकीचं बोल्टने आवळलेलं झाकण, खोलून मॅग्नेशियमची कांडी, ज्याला तुम्ही अॅनोड म्हणता, बाहेर काढली. बोटाएवढी जाड असायला हवी ती कांडी उदबत्तीच्या काडीइतकी राहिली होती, मधली तार उघडी पडली होती. तो मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, "मॅडम, ही संपली म्हणून टाकीला गंज लागला." मॅग्नेशियम स्वतः झिजतं म्हणून लोखंडाची टाकी वाचते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यानंतर तुमच्या ऑफिसातून निरोप आला की अॅनोड दरवर्षी बदललेला नसल्यामुळे टाकीची वॉरंटी रद्द.

माझा सगळा राग इथेच आहे. या मॉडेलमध्ये एलिमेंट आणि अॅनोड एकाच फ्लॅंजवर बसवलेले आहेत. एलिमेंट काढलं की कांडी हातात येतेच. दोनदा एलिमेंट बदलताना आणि नोव्हेंबरमध्ये क्षार काढताना, असा तीन वेळा तुमच्या माणसांनी तो फ्लॅंज खोलला. तीन वेळा ती झिजत चाललेली कांडी त्यांच्या हातात होती. तिन्ही वेळा तीच परत बसवून बोल्ट आवळले. नोव्हेंबरच्या भेटीचे ५९० रुपये घेतले आणि कांडीबद्दल अवाक्षर काढलं नाही. आणि आता ती बदलली नाही, हा दोष माझा?

पाण्याला दोष देऊ नका. घोडबंदर रोडला महापालिकेचं पाणी कमी पडलं की टँकर येतो, क्षार असतात, मान्य. पण आमच्या दुसऱ्या बाथरूममध्ये तुमच्याच कंपनीचा २०१४ साली घेतलेला गीझर आहे. तेच पाणी, तीच लाइन, आणि तो आजही चालू आहे. त्याच्या सर्व्हिसिंगला एक वयस्कर मेकॅनिक यायचे, ते न सांगता कांडी बघायचे आणि संपत आली की बदलायचे. त्या माणसामुळे आम्ही दुसरा गीझरही डोळे मिटून तुमचाच घेतला. नातेवाइकांना सांगितलं, हाच घ्या. तेव्हा खात्रीने सांगितलं होतं, याचं आज वाईट वाटतं.

आता आजच्या फोनबद्दल. आधी १४ मिनिटं संगीत. मग एका मुलीने नाव, पत्ता, मॉडेल नंबर, सगळं पुन्हा विचारलं आणि सांगितलं, "मॅडम, तुमची तक्रार काल बंद झालीय. शेरा आहे, ग्राहकाने दुरुस्तीस नकार दिला." मी नकार दिलेला नाही. काल कोणी आलंच नाही. साडेचारला फोन आला होता, "गायमुख घाटात अडकलोय, उद्या येतो." मी हे सांगितलं, तर फोन वरिष्ठांकडे दिला. त्यांना मी परत पहिल्यापासून सांगितलं. बाबांचं वय सांगितलं, खुबा सांगितला. दोन पातेली गॅसवर तापवून स्वयंपाकघरातून पॅसेजमधून बाथरूमपर्यंत रोज न्यावी लागतात, तेही सांगितलं. दुसऱ्या बाथरूमला उंबरा आहे, बाबांना तो ओलांडता येत नाही, हेसुद्धा सांगितलं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "मॅडम, पण ठाण्यात थंडी असते कुठे? तीन-चार दिवस साध्या पाण्याने अॅडजस्ट करा ना."

मी विचारलं, "काय म्हणालात?" त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, अगदी सावकाश, मला ऐकू आलं नसावं अशा समजुतीने. येऊरच्या डोंगराकडून पहाटे काय वारा येतो ते सातव्या मजल्यावर येऊन बघा. आणि थंडी नसती तरी काय? ८३ वर्षांच्या माणसाने किती गार पाण्याने आंघोळ करायची, हे तुमचा कर्मचारी ठरवणार? तुम्ही गरम पाण्याचं यंत्र विकता. मी त्याचे पूर्ण पैसे मोजलेत. मी त्यांचं नाव विचारलं, तेव्हा फोन कट झाला. हे कॉल तुमच्याकडे रेकॉर्ड होतात. आजचा कॉल स्वतः ऐका.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. १५ दिवसांत नवीन गीझर बसवून द्या किंवा पूर्ण रक्कम परत करा. ५९० रुपये परत करा. 'ग्राहकाने नकार दिला' हा खोटा शेरा काढून तसं मला लेखी कळवा. तीनदा फ्लॅंज उघडूनही अॅनोड का बदलला नाही, याचं उत्तर द्या.

हे झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही आणि मी राहते त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. तुमच्या वकिलाला गायमुख घाटातून यावं लागलं तरी तारखेला हजर राहावं लागेल.

ती झिजलेली कांडी मी प्लॅस्टिकच्या पिशवीत तारीख लिहून कपाटात ठेवली आहे. तुमच्या माणसाने सोमवार ते शनिवार सकाळी ११ नंतर येऊन ती बघावी, फोटो काढावा. घेऊन जायला मिळणार नाही.

आपली ग्राहक,
घोडबंदर रोड, ठाणे (प.)

सोबत : खरेदीचं बिल, वॉरंटी कार्ड, पाच जॉब शीट, कांडीचे फोटो.