एक म्हार्दोळ

ताई,

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून लिहीत नाही. जाहीर लिहू नका असं मात्र म्हणाला नव्हतात, तेवढी पळवाट घेतो. आजारपणात तुम्ही घरी येऊन मला पुन्हा बोलतं केलंत, त्याचे हे आभार. डाव्या अंगठ्याने मोबाइलवर रोज थोडं थोडं टाइप केलंय. लेकीने ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघितलं.

मी पणजी-फोंडा मार्गावरच्या खासगी बसचा कंडक्टर. उभी हयात दारात लोंबकळून ओरडण्यात गेली. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली आणि उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणंही गेलं. समजत सगळं होतं. बायकोचं नाव डोक्यात लख्ख असायचं, जिभेवर येईपर्यंत त्याचा भलताच शब्द व्हायचा. शिव्या तेवढ्या अख्ख्या यायच्या. भेटायला आलेल्यांची फार पंचाईत व्हायची.

पहिल्या इस्पितळाने जीव वाचवला, ते मी नाकारत नाही. पण पुढे मी जेवेनासा झालो, भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागलो, तेव्हा माझ्या खाटेवरून पलीकडे माझ्या बायकोला सांगण्यात आलं, ‘रिपोर्ट चांगले आहेत, पेशंटच को-ऑपरेट करत नाही.’ मी तिथेच होतो हो! कान शाबूत होते. फायलीत रक्तदाब, साखर, स्कॅन सगळं होतं. या माणसाला जगावंसं वाटतंय का, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

घरी आलो तर सोयऱ्याधायऱ्यांची रांग. ‘विल पॉवर पाहिजे’ हे प्रत्येकजण सांगून गेला, चहा पिऊन. एकाने देवळात कौल लावला आणि प्रसाद उजवा झाला म्हणून नाचत आला. माझा उजवा हात मांडीवर पडला होता तसाच पडून राहिला. त्यात माझं रडणं-हसणं हाताबाहेर गेलेलं. शेजारी मयताची बातमी सांगायला आला आणि मी हसत सुटलो, थांबताच येईना. साबणाची जाहिरात लागली की हुंदके. डोक्यावर परिणाम झालाय, असं लोक कुजबुजायचे. झालाच होता की! पण त्याचा अर्थ काय, हे तुम्ही येईपर्यंत कुणी सांगितलं नाही.

हे आपोआप येणारं रडणं-हसणं म्हणजे मेंदूतला ब्रेक सैल झालाय, त्याचा सुख-दुःखाशी संबंध असेलच असं नाही, हे तुम्ही माझ्या बायकोला समजावलंत. आणि भिंतीकडे तोंड करून पडणं हे वेगळं. ते नैराश्य. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला ते गाठतं आणि त्यावर औषध आहे, उपचार आहेत. मग तुम्ही माझ्याकडे वळून सरळ विचारलंत, ‘काका, मरणाचे विचार येतात?’ बायको दचकली. मी मान हलवली. इतके दिवस ते एकट्याने वागवत होतो. डॉक्टरकडे जाणं, गोळ्या सुरू होणं, सगळं त्यानंतर झालं.

पण मला राहून राहून आठवते ती दहाची नोट.

त्याआधी सगळे मला चित्रांची कार्डं दाखवायचे. केळं, कप, चावी. ‘हे काय आहे सांगा बघू?’ बालवाडीच्या सुरात. तुम्हीही ती काढलीत, माझा चेहरा बघितलात आणि परत पिशवीत ठेवलीत. पर्समधून दहाची नोट काढून माझ्या डाव्या हातात कोंबलीत आणि खिडकीबाहेर बघत, घाईत असलेल्या पॅसेंजरसारखं माझ्या मार्गावरच्या स्टॉपचं तिकीट मागितलंत, ‘एक म्हार्दोळ.’ नोट बोटांत आपसूक उभी दुमडली गेली आणि तोंडातून निघालं, ‘सुटे दी गो बाय.’

अख्खं वाक्य! बायको स्वयंपाकघरातून धावत आली. आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. ‘वा काका’ नाही, काही नाही. पर्स उपसून सुटे पैसे शोधलेत आणि म्हणालात, ‘घ्या, मोजून घ्या.’ टाळ्या वाजवल्या असत्या, तर त्याच क्षणी मी परत पेशंट झालो असतो. आभार मानतोय ते त्या पर्स उपसण्याचे.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य मागून आलं नाही. आकडे, प्रार्थना, शिव्या, हजारदा घोकलेलं बोलणं अशा आजारात बऱ्याचदा टिकतं आणि नवं वाक्य जुळवणं अडतं, हे तुम्ही नंतर सांगितलंत. मग स्टॉपवरून गाडी नेलीत: जुने गोवे, बाणस्तारी, भोम, कुंडई, मंगेशी. मध्येच विचारायचं, ‘भोमला कोण उतरलं?’ आणि रोज एक काम, मन असो नसो. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की फाटकापर्यंत मीच जायचं, पाव मीच मोजून घ्यायचे. आधी काम, मन मागाहून येईल, असं तुमचं म्हणणं. तुम्ही डॉक्टर नाही म्हणून एका सोयऱ्याने नाक मुरडलं होतं. लेकीने त्याला शोधून दाखवलं, की शिकवून तयार केलेली साधी माणसं अशा पद्धतीने तीव्र नैराश्यातही उपयोगी पडतात, हे आपल्या गोव्यातच ‘संगाथ’ या संस्थेने तपासलं आणि 2017 साली ते ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं. तो गप्प बसला. चहा मात्र घेतला.

बसमध्ये माणसं वाचायची सवय लागते. पोटुशी बाई चढली की कोण उठतं आणि कोण एकाएकी खिडकीबाहेर बघू लागतं, हे कंडक्टरला पहिल्याच स्टॉपवर कळतं. उठणारे कपड्यांवरून ओळखता येत नाहीत, शिक्षणावरून तर नाहीच.

गोळी चालू आहे. उजवी बोटं अजून ऐकत नाहीत. काही सकाळी भिंत बोलावते, पण पोदेर त्याच्या वेळेला येतोच. फोंड्याकडे येणं झालं तर आधी फोन करा. फोनवर माझं बोलणं अजून घोटाळतं, म्हणून बायको उचलेल, आणि ती जरा जास्तच बोलेल.

तुमचा,
कंडक्टर काका