क्लेम टाकला म्हणजे मेव्हण्यावर केस टाकली असं होत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

अपघाताची बातमी आली की खाली एक ओळ हमखास असते, "गाडीतील अन्य तिघे किरकोळ जखमी". त्या अन्य तिघांमधला मी एक, म्हणून हे पत्र.

गाडी मेव्हणा चालवत होता, मी मागच्या सीटवर, बेल्ट न लावता (आधीच कबूल करून टाकतो, त्यावर पुढे येतोच). पुढच्या गाडीने ब्रेक मारला आणि आमची जाऊन धडकली. मेव्हण्याला खरचटलंसुद्धा नाही. मला त्या दिवशी फक्त मान अवघडल्यासारखी वाटली, म्हटलं झोपलो की जाईल. तिसऱ्या दिवशी मान वळेना आणि डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मानेला झटका बसला की त्रास काही तासांनी नाहीतर दोन-चार दिवसांनीही सुरू होऊ शकतो, हे मला डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं, तोपर्यंत मी सगळ्यांना "मला काही झालं नाही" असं सांगून मोकळा झालेलो.

घरात एकच विषय, आता क्लेम टाकून सख्ख्या मेव्हण्याला कोर्टात उभा करणार का. मलाही ते पटलं. इन्शुरन्सवाल्याचा फोन आला, तो म्हणाला दवाखान्याचं आत्तापर्यंतचं बिल देतो, सही करा, विषय संपवा. दहाव्या दिवशी सही केली. कागदावर 'फुल अँड फायनल' लिहिलेलं होतं, वाचलं पण डोक्यात शिरलं नाही. नंतरची फिजिओथेरपी, एमआरआय, दोन महिने बुडालेलं काम, सगळं माझ्या खिशातून गेलं, कारण त्या सहीनंतर मागायला जागाच उरली नव्हती.

आता शांतपणे विचार करतो तेव्हा वाटतं, अपघातात सगळ्यात सरळ बाजू मागे बसलेल्याची असते. स्टीअरिंग त्याच्या हातात नाही, ब्रेकवर त्याचा पाय नाही. चूक आपल्या ड्रायव्हरची असो की समोरच्याची, त्याची सहसा नसतेच. आणि कागदावर नाव ड्रायव्हरचं किंवा मालकाचं आलं तरी पॉलिसीत बसत असेल तर पैसे भरते विमा कंपनी. म्हणजे मी मेव्हण्याकडे मागत नव्हतो, तो ज्यासाठी दरवर्षी प्रीमियम भरतो तेच मागत होतो.

दोन्ही गाड्यांची चूक असेल तर दोन्ही कंपन्या एकमेकांकडे बोट दाखवत बसतात आणि जखमी माणूस मधल्यामध्ये लटकतो. आपल्या सुप्रीम कोर्टाने 2015 साली हे स्पष्ट केलंय की अशा वेळी जखमी माणूस दोघांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो, कुणाचा वाटा किती ते त्यांनी नंतर आपसात बघावं. मला हे कुणी सांगितलं नाही, वाचून कळलं.

पण एक गोष्ट नीट बघा, ती म्हणजे पॉलिसी कुठली आहे. आपल्याकडे खाजगी कारवर नुसती थर्ड पार्टी पॉलिसी (म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांचं जे नुकसान होईल तेवढ्यापुरती) असेल तर गाडीत फुकट बसलेला पाहुणा त्यात धरला जाईलच असं नाही, पॅकेज पॉलिसी (म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही धरणारी) असेल तर तो धरला जातो. ब्रिटनमध्ये 1972 पासून प्रवाशाचा विमा सक्तीचा आहे, आपल्याकडे मात्र आपण मित्राच्या गाडीत बसतो तेव्हा असं काही विचारायचं असतं हेच माहीत नसतं. न्यूझीलंडने तर 1974 पासून चूक कुणाची हा प्रश्नच काढून टाकला, इजा झाली की सरकारी योजनेतून मिळतं, बदल्यात कोर्टात भरपाईचा दावा सहसा लावता येत नाही. नात्यातल्या अपघातांसाठी मला तरी ही पद्धत बरी वाटते, निदान घरात भांडणं तरी होणार नाहीत.

आता बेल्टचं. 1975 मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टात न्या. डेनिंग यांनी ठरवून दिलं की बेल्ट लावला असता तर इजा झालीच नसती अशी केस असेल तर भरपाईतून 25 टक्के कापा, इजा कमी झाली असती तर 15 टक्के, आणि बेल्टने काहीच फरक पडला नसता तर कापू नका. तेव्हा तिथे बेल्ट सक्तीचा पण नव्हता! दारू प्यायलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत माहीत असून बसलेल्या एकाचे 1976 मध्ये तिथेच 20 टक्के कापले गेले. म्हणजे थोडे पैसे कापले जातात, पण पूर्ण क्लेम बुडत नाही. मी मात्र बेल्ट नव्हता म्हणून आपल्याला काही मिळणारच नाही असं धरून बसलो होतो आणि फोनवरच्या त्या माणसानेही माझा गैरसमज काही दूर केला नाही, कशाला करेल.

मुदतीचं पण असंच. ब्रिटनमध्ये दाव्याला साधारण 3 वर्षं मिळतात, आपल्या मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 6 महिने घातलेत. त्यामुळे घाईने सही करायची नाही हे खरं, पण नातेवाइकांचा राग जाईपर्यंत थांबूही नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन दुखणं नोंदवून घ्या, कितीही छोटं वाटलं तरी, कारण नंतर कंपनीचा पहिला प्रश्न असतो की तेव्हा का नाही सांगितलं. पोलिसांत नोंद करा. पगार बुडाला असेल तर ऑफिसचं पत्र घ्या. डॉक्टर "आता यापेक्षा फरक पडणार नाही" म्हणेपर्यंत फायनलच्या कागदाला हात लावू नका, मधला खर्च वेगळा मागता येतो का ते वकिलाला विचारा.

गंमत म्हणजे मेव्हण्याला हे सगळं आत्ता कळलं तेव्हा तो माझ्यावरच चिडला. म्हणाला भावजी, पॉलिसीची कॉपी माझ्याकडेच होती, विचारलं का नाहीत.

संपादक साहेब, आपल्याला एकच विनंती. बातमी त्याच रात्री लिहिली जाते, तेव्हा कोण किती जखमी आहे हे त्या जखमी माणसालाही माहीत नसतं. त्यामुळे "किरकोळ" हा शब्द तेवढा गाळता आला तर बघा, नुसतं "जखमी" पुरेल.

आपला,
एक नियमित वाचक