ओस्मेन्या यांच्या सेबूतून

सेबू, फिलिपिन्स

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इथल्या मोठ्या रस्त्याला आणि चौकाला ज्यांचे नाव आहे ते ओस्मेन्या कोण, असे बाबांनी फोनवर विचारले होते. उभा जन्म कोर्टात काढलेल्या माणसाला एका वकिलाची हकिकत सांगायची, तर ती फोनवर उरकण्यासारखी नाही, म्हणून हे पत्र.

सर्जिओ ओस्मेन्या यांचा जन्म ९ सप्टेंबर १८७८ रोजी याच शहरात झाला. त्यांच्या आईचे, हुआना ओस्मेन्या यांचे, लग्न झालेले नव्हते आणि वयाने त्या अजून मुलगीच होत्या. मुलाने आईचेच आडनाव लावले. घराणे चिनी वंशाचे आणि प्रतिष्ठित होते हे खरे. पण स्पेनची सत्ता आणि चर्चचा वचक असलेल्या त्या काळात अशा मुलाकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, हे आई, तुला वेगळे सांगायला नको. आज या शहरात ज्या आडनावाचा एवढा दबदबा आहे, ते त्यांना आईकडून मिळाले होते.

मनिलाच्या सान हुआन दे लेत्रान या शाळेत त्यांना मान्वेल केसॉन नावाचा सहाध्यायी भेटला, वयाने त्यांच्याहून अवघा तीन आठवड्यांनी मोठा. पुढे दोघांनी सान्तो तोमास विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले आणि १९०३ मध्ये ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. ओस्मेन्या दुसरे आले. त्याआधीच, १९०० मध्ये, त्यांनी सेबूत ‘एल नुएवो दिया’ हे वृत्तपत्र काढले होते. सरकारी वकील, मग प्रांताचे गव्हर्नर, आणि १६ ऑक्टोबर १९०७ रोजी मनिलाच्या ग्रँड ऑपेरा हाउसमध्ये पहिली फिलिपाइन असेंब्ली, म्हणजे निवडून आलेले विधिमंडळ, भरली तेव्हा तिचे सभापती, इतक्या झपाट्याने ते वर गेले. तेव्हा त्यांचे वय २९ होते. वकिलीत जम बसायलाच इतकी वर्षे लागतात, असे बाबा म्हणतील.

यापुढची कहाणी मात्र दुसऱ्यासाठी वाट सोडण्याची आहे. १९२२ मध्ये केसॉन यांनी त्यांच्या एकहाती नेतृत्वावर टीका करून पक्ष फोडला आणि पहिले स्थान स्वतःकडे घेतले. स्पेननंतर देशावर अमेरिकेची सत्ता होती, म्हणून स्वातंत्र्याचा कायदा मिळवण्यासाठी ओस्मेन्या आणि त्यांचे सहकारी मान्वेल रोहास १९३१ मध्ये वॉशिंग्टनला गेले आणि त्यांनी १९३३ मध्ये तो मिळवलाही, तर केसॉन यांनी तो मायदेशी विधिमंडळाकडून फेटाळून लावला आणि पुढच्या वर्षी जवळजवळ तसाच दुसरा कायदा स्वतःच्या नावावर आणला. एवढे झाल्यावरही १९३५ मध्ये ओस्मेन्या त्याच केसॉन यांच्याबरोबर उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. पहिल्यांदा वाचले तेव्हा हा मला निव्वळ मवाळपणा वाटला, पण १९४३ सालचा प्रसंग वाचल्यावर हे मत टिकले नाही.

जपानने देश व्यापला होता आणि फिलिपिन्सचे सरकार वॉशिंग्टनमध्ये परागंदा होते. राज्यघटनेनुसार कोणालाही सलग आठ वर्षांपेक्षा अधिक काळ राष्ट्राध्यक्ष राहता येत नव्हते, आणि केसॉन यांची आठ वर्षे १५ नोव्हेंबर १९४३ रोजी भरत होती. क्षयाने खंगलेल्या केसॉन यांना पद सोडायचे नव्हते. कायदा ओस्मेन्या यांच्या बाजूचा होता, आणि वकील असल्याने ते त्यांना पुरते ठाऊक होते. तरीही युद्ध संपेपर्यंत केसॉन यांनीच पदावर राहावे, अशी तजवीज अमेरिकी काँग्रेसच्या ठरावाने करून घेण्याला त्यांनी स्वतः पुढाकार घेतला. पुढे १ ऑगस्ट १९४४ रोजी केसॉन वारले, ओस्मेन्या राष्ट्राध्यक्ष झाले आणि २० ऑक्टोबरला अमेरिकी जनरल मॅकआर्थर यांच्यासोबत लेते बेटाच्या किनाऱ्यावर उतरले. ते दृश्य इथल्या ५० पेसोंच्या कागदी नोटेवर त्यांच्या चेहऱ्याशेजारी छापलेले आहे.

घरात मात्र युद्धाने दोन तऱ्हांनी हात घातला होता. त्यांची पहिली पत्नी एस्तेफानिया १९१८ मध्ये वारली, तिची दहा मुले; दुसरी पत्नी एस्पेरान्सा, तिची तीन. एमिलिओ हा डॉक्टर मुलगा जपान्यांच्या हातून मारला गेला, तर सर्जिओ ज्युनियरवर जपान्यांशी हातमिळवणी केल्याचा आरोप आला. आणि अशा आरोपांच्या सुनावणीसाठी १९४५ मध्ये खास न्यायालय स्थापन झाले ते वडिलांच्याच कारकिर्दीत. बाप आणि राज्यकर्ता एकाच देहात असले की काय होत असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत त्यांनी प्रचारदौरे करण्याचे नाकारले, लोकांना आपले काम ठाऊक आहे अशी त्यांची भूमिका होती. जुने सहकारी रोहास जिंकले आणि ओस्मेन्या सेबूला परतले. १९६१ मध्ये वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वाट सोडण्याचा गुण घराण्यात पुढे फारसा उतरला नाही, हे आपल्याकडचे राजकारण पाहिलेल्या आईला ऐकून नवल वाटणार नाही: तोच मुलगा सर्जिओ सिनेटर झाला, १९६९ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्याविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदासाठी लढून हरला, आणि नातवंडांत सिनेटर, गव्हर्नर, महापौर सगळे झाले.

बाबा, मला एकच विचारायचे आहे. घटनेने दिलेली मुदत बाहेरच्या देशाच्या काँग्रेसने ठराव करून लांबवणे कायद्यात बसते का? ओस्मेन्या तुमचे अशील असते, तर तुम्ही त्यांना काय सल्ला दिला असता, ते सवडीने लिहून पाठवा.

तुमची,
मुग्धा