रविवारी वडिलांच्या आठवणी : सर्व सभासदांना आठवण

सप्रेम नमस्कार,

जूनच्या तिसऱ्या रविवारी, पितृदिनाला, संध्याकाळी 5 वाजता नेहमीच्या सभागृहात जमायचं आहे. प्रत्येकाने वडिलांची लहानपणची एकच आठवण सांगायची. कर्तृत्वाची यादी नको, एक प्रसंग पुरे.

माझे बाबा इथल्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते. अनंत चतुर्दशीच्या रात्री मला खांद्यावर घेऊन ते राजवाड्यापाशी तासन् तास उभे राहायचे. मिरवणुकीत मिलची झांकी, म्हणजे सजवलेला चित्ररथ, दिसली की म्हणायचे, "ती बघ, आपली!" परतताना सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गरम जिलबी मिळायची, फक्त मला. त्यांनी स्वतःसाठी कधीच घेतली नाही, हे फार उशिरा लक्षात आलं. 1991 मध्ये मिल बंद पडली, पण बाबांचं झांकीला जाणं सुटलं नाही.

ज्यांचे वडील आपल्यात आहेत, त्यांनी त्यांना जरूर आणावं. समोर बसून ऐकू देत. बोलताना गळा दाटेल असं वाटत असेल तर लिहून आणा, कुणीतरी वाचेल. जुना फोटो, चष्मा, हिशेबाची वही असेल तर तीही आणा. नावं शनिवारपर्यंत कळवा. नंतर पोहे आणि चहा आहे.

आपली,
चिटणीस, इंदूर