उद्यानांच्या सुशोभीकरणात निसर्गालाही जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतील एखाद्या उद्यानाच्या नूतनीकरणाची चर्चा सुरू झाली की ती फरशा, कारंजी, रोषणाई आणि व्यायामाची उपकरणे यांच्याभोवतीच फिरत राहते. त्या बागेत कोणती झाडे आहेत, पावसाचे पाणी तेथे मुरते की गटारात जाते, आणि शेजारच्या शाळेतील मुलांना तेथे काय शिकता येईल, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. मला ते गौण वाटत नाहीत, म्हणून हे पत्र.

पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. त्यानंतर पाठ्यपुस्तके आली, परीक्षा आल्या. परंतु अनेक शाळांत हा विषय प्रकल्पवहीपुरताच उरला आणि दुकानातून आणलेली चित्रे चिकटवली की तो पूर्ण झाला असे मानले जाऊ लागले. अन्नसाखळीची आकृती अचूक काढणाऱ्या मुलांना शाळेच्या फाटकाजवळचा करंज ओळखता येत नाही, हे मी शिक्षिका म्हणून पाहिले आहे. त्याच मुलांना ओहोटीच्या वेळी खाडीकाठी नेले, चिखलातून वर आलेली तिवरांची श्वसनमुळे आणि त्यांच्यामधून उड्या मारणाऱ्या निवट्या (चिखलात राहणारे लहान मासे) दाखवल्या, की त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे कठीण होते. अशा वेळी कोळीवाड्यातील मुले तर शिक्षकांचेच शिक्षक होतात, कारण भरती-ओहोटीचा हिशेब आणि तिवर व चिपी या खारफुटीच्या झाडांतील फरक त्यांना घरातूनच मिळालेला असतो.

मिठी नदीच्या काठी, शीव आणि धारावीच्या वेशीवर सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. पूर्वी तेथे शहराचा कचरा टाकला जात असे. त्याच जागेवर झाडे लावून, ती जगवून १९९४ मध्ये हे उद्यान लोकांसाठी खुले झाले. उजाड केलेली जमीन माणसांच्या हातून पुन्हा हिरवी होऊ शकते, याचा इतका ढळढळीत पुरावा मुंबईत दुसरा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठीकाठच्या वस्त्यांचे जे झाले ते आपण विसरलेलो नाही. विहार आणि पवई तलावांचे पाणी घेऊन येणारी ही नदी कुर्ला आणि वांद्रे-कुर्ला संकुलातून माहीमच्या खाडीला मिळते, तिच्या काठचे कांदळवन आणि पाणथळ जागा बुजत गेल्या, आणि भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला तर पाण्याला समुद्राकडे वाट मिळत नाही, हे नकाशावर शिकवता येते. पण नदीकाठी उभे राहून ते कळले की पुढे एखाद्या भरावाला विरोध करायचा की नाही, हे नागरिकाला स्वतःच ठरवता येते. पर्यावरण साक्षरता म्हणतात ती माझ्या मते हीच.

अशा साक्षरतेचे महत्त्व मुंबईने बिबट्यांच्या बाबतीत अनुभवलेही आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगत या शतकाच्या सुरुवातीला माणसांवर हल्ले वाढले, तेव्हा सर्वत्र पिंजऱ्यांची मागणी होती. २०११ पासून वनविभागाने नागरिक आणि अभ्यासकांना सोबत घेऊन उघड्यावरचा कचरा, त्यावर पोसली जाणारी भटकी कुत्री आणि त्यांच्यामागे येणारा बिबट्या हा संबंध लोकांना समजावून सांगितला. उद्यानातील पाड्यांवर वाघोबाला पूजणाऱ्या वारली कुटुंबांना मात्र हे सहजीवन नवे नव्हते.

आरोग्याचा मुद्दाही तितकाच खरा आहे. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, समोर केवळ विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा शस्त्रक्रियेनंतर लवकर घरी गेले, असे संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या नोंदींवरून दाखवले. एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात अशा घरांतील ज्येष्ठांना आणि गृहिणींना मोकळा श्वास घेण्यासाठी, बोलण्यासाठी, एकमेकांची सुखदुःखे ऐकण्यासाठी जवळची बाग हीच एक जागा असते. परळच्या रुग्णालयांबाहेर गावोगावहून आलेले नातेवाईक ज्या झाडाखाली बसतात, त्याची किंमत त्यांनाच विचारावी.

म्हणून महानगरपालिकेला विनंती आहे की, नूतनीकरणाच्या प्रत्येक आराखड्यात बागेचा काही भाग फरशीविना आणि देशी झाडाझुडपांसाठी राखावा, पालापाचोळा जाळण्याऐवजी तेथेच कुजवावा, झाडांच्या बुंध्यांपर्यंत सिमेंट ओतणे व त्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळणे थांबवावे. वृक्षगणनेतून हाती आलेली माहिती कचेरीत न ठेवता ताम्हण, बहावा, सावर, पांगारा अशा मराठी नावांच्या पाट्यांच्या रूपाने झाडांपाशी आणावी. शिक्षण आणि उद्यान या दोन खात्यांनी मिळून पालिकेची प्रत्येक शाळा जवळच्या बागेशी, तळ्याशी किंवा खाडीकिनाऱ्याशी जोडावी आणि महिन्यातून एक तास तेथे भरवावा. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. वेळापत्रकात जागा, सुरक्षित ने-आण आणि शिक्षकांना थोडे प्रशिक्षण पुरेसे आहे. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी हा निर्णय झाल्यास पहिल्याच पावसापासून या तासांना सुरुवात करता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, मुलुंड