भाजणीतली उडदाची वाटी

पुणे,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि ती. बाबा,

शि. सा. नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोन बाबा उचलतात, आणि मी आईला विचारलेल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरंही बाबाच देतात. म्हणून पाकिटावर मुद्दाम आईचं नाव घातलंय. आई, पाकीट तू फोड, तूच मोठ्यानं वाच, आणि बाबा, तुम्ही समोर बसून ऐका. चष्म्याचा त्रास नको म्हणून अक्षर मोठं काढलंय.

दिवाळीला मी आले त्या दिवशी आई भाजणी भाजत होती. तांदूळ झाले, हरभऱ्याची डाळ झाली. मग उडदाच्या डाळीचा डबा उघडला आणि आई, तू थांबलीस. वाटी भरायचीस, परत डब्यात ओतायचीस, परत भरायचीस. मी खोबरं किसत होते, पहिल्यांदा माझं लक्षच नव्हतं. तेवढ्यात हॉलमधून, पेपरातून मान वर न काढता, बाबा म्हणाले, “एक वाटी. आणि मूग अर्धी.”

बाबा, चहाची पावडर कुठल्या डब्यात असते हे तुम्हाला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. त्या रात्री मी साखरेसाठी फडताळ उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला तुमच्या अक्षरातली चिठ्ठी होती. रेल्वेच्या रजिस्टरात लिहायचात तशी, रेघ ओढून: भाजणी ४, २, १, अर्धी. तिच्याखाली गॅसवाल्याचा नंबर, मग माझा नंबर, आणि सगळ्यात खाली आपल्या घराचा पत्ता. बडोद्याच्या कारेलीबागेतल्या स्वतःच्या स्वयंपाकघरात आपला पत्ता कुणासाठी लिहून ठेवलाय, हे मी तुम्हाला विचारलं नाही. धीर झाला नाही. परत येताना गाडीत सुरत येईपर्यंत रडत होते.

मग शेजारच्या काकूंनी रिक्षाचं सांगितलं. आई खंडेराव मार्केटमधून भाजी घेऊन निघाली आणि रिक्षावाल्याला कारेलीबागऐवजी ‘दांडिया बाजार, लकडी पूल’ म्हणाली. तो वाडा सोडून आपल्याला बावीस वर्षं झाली. तिथे उतरून आई ओळखीचा दरवाजा शोधत राहिली. बाबा, तुम्ही मला फोनवर सांगितलंत, “जुनी आठवण आली म्हणून सहज गेली होती.” तुम्ही खोटं बोलणाऱ्यातले नाही, म्हणूनच ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

तुम्ही हे का करताय ते मला कळतं. आजीचं सगळं तुम्ही पाहिलंय. आजीला आपण सगळ्यांनी म्हातारचळ लागला म्हटलं, भ्रमिष्ट म्हटलं. तिच्या पुढ्यात म्हटलं. भरल्या पोटी ‘मला जेवायला दिलं नाही’ म्हणायची तेव्हा तुम्ही तिच्यावर ओरडला होता, आणि नंतर देवघरात जाऊन बसला होता. मी दारातून पाहिलं होतं. सुरसागरच्या कठड्याशी ती अनवाणी सापडली, त्यानंतर घराला आतून कुलूप लागायला लागलं. ते कुलूप तुम्हाला आईसाठी नकोय. मलाही नकोय. पण बाबा, झाकून ठेवलं तर आपण त्याच कुलपाकडे जाऊ, फक्त जरा सावकाश.

आजी २००४ साली गेली. तेव्हा जिवंत माणसाच्या मेंदूत नेमकं काय चाललंय ते बघायची सोय आपल्या कुणाच्याच हातात नव्हती. अल्झायमरच्या आजाराला ज्यांचं नाव आहे त्या डॉ. अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात एक बाई पाहिली, जेमतेम पन्नाशीची. ती १९०६ मध्ये गेली तेव्हा त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर साचलेले पुंजके, आत धाग्यांचे गुंते. पुंजक्यांतलं प्रथिन म्हणजे अमायलॉइड, गुंत्यांतलं टाऊ. पुढची शंभरेक वर्षं खात्रीचं निदान असंच, माणूस गेल्यावर होत राहिलं. २००२ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाला पहिल्यांदा एका जिवंत माणसाच्या मेंदूतलं अमायलॉइड ‘पेट’ नावाच्या स्कॅनवर दिसलं. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात तयार केलेलं एक द्रव्य टोचून ते पाहिलं होतं, आणि त्याचा शोधनिबंध छापून आला तो २००४ मध्येच. हे वाचलं आणि मी कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. आपल्या घरात आजीचं तेरावं चाललं होतं.

त्यानंतर बरंच पुढे गेलंय. पेट स्कॅन महाग आणि मोजक्याच ठिकाणी होतो. दुसरा मार्ग कमरेतून सुई घालून मणक्यातलं पाणी काढायचा, त्याला माणूस घाबरतो. आता रक्तावरून कळायला लागलंय. टाऊचाच एक प्रकार आहे, पी-टाऊ २१७. मेंदूत अमायलॉइड साचायला लागलं की रक्तात तो वाढतो. अमेरिकेत औषधांना आणि चाचण्यांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेनं, एफडीएनं, या वर्षी मे महिन्यात त्यावर आधारलेल्या रक्तचाचणीला पहिल्यांदा मान्यता दिली, पंचावन्नच्या पुढच्या आणि विसरण्याची लक्षणं असलेल्या लोकांसाठी. ४९९ लोकांवर ती ताडून पाहिली होती. चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ९१.७ टक्क्यांच्या मेंदूत अमायलॉइड खरोखर होतं, आणि निगेटिव्ह आलेल्यांपैकी ९७.३ टक्क्यांच्या मेंदूत नव्हतं. शंभरातल्या वीसहून कमी जणांचा निकाल मधेच लटकला, धड इकडे ना तिकडे. तेव्हा ही काही देवाची चिठ्ठी नाही. मूत्रपिंडाचा आजार असला तरी रक्तातला हा पी-टाऊ चढतो. लक्षणं बघणारा, बाकीचे रिपोर्ट वाचणारा डॉक्टर लागतोच.

बाबा, तुम्हाला तुमच्या भाषेत सांगते. मी लहान असताना प्रतापनगरच्या यार्डात तुम्ही मला डिस्टंट सिग्नल दाखवला होतात. स्टेशनच्या बऱ्याच अलीकडे असतो, ड्रायव्हरला आधीच सांगतो की पुढे स्टेशनच्या तोंडाशी असलेला होम सिग्नल कसा मिळणार आहे, म्हणजे गाडी आवरायला अंतर मिळतं. या आजारात मेंदूतले बदल लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतात. इतकी वर्षं आपण होम सिग्नलवर येऊनच ब्रेक लावत होतो.

गेल्या वर्षी तुम्ही आईला एका डॉक्टरकडे नेलं होतं आणि ते म्हणाले, “वयानं होतं असं.” त्यांचा मला फार राग आला होता. आता कमी झालाय. स्वीडनमध्येच २०२४ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, १,२१३ माणसांचा. फॅमिली डॉक्टरांनी नेहमीच्या पद्धतीनं तपासून केलेलं अल्झायमरचं निदान ६१ टक्के वेळा बरोबर निघालं, तज्ज्ञांचं ७३ टक्के, आणि रक्तचाचणीचं साधारण ९१ टक्के. तिथली ही गत, तर दहा मिनिटांच्या भेटीत आपल्या डॉक्टरांचा अंदाज चुकला याचं नवल काय करायचं?

पण त्या भेटीतली एक गोष्ट मला अजून सलते. तिथल्या मुलीनं आईला हिंदीत विचारलं, आज तारीख काय. आई म्हणाली, “आज अष्टमी.” आणि त्या दिवशी अष्टमीच होती. आईचा गुण कापला गेला. आई, तू रिक्षावाल्याशी गुजरातीत बोलतेस, टीव्हीतलं हिंदी समजतेस, पण हिशेब मराठीत करतेस, देवाशी मराठीत बोलतेस, आणि तुझा दिवस तिथीनं सुरू होतो. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली तीस गुणांची प्रश्नपत्रिका तुझ्यापुढे हिंदीत ठेवली तर त्यात तुझी परीक्षा किती आणि भाषेची किती? आपल्याकडे आयसीएमआरनं, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, हीच अडचण ओळखून भारतीय भाषांत चाचण्यांचा संच बांधला, तेव्हा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम अशा पाच भाषा घेतल्या. बडोद्यातल्या मराठी बाईची सोय त्यात होत नाही. त्यासाठीच या वेळी मी दोन आठवडे फोन करत होते. आपल्या बडोद्यातच न्यूरॉलॉजिस्ट मिळाल्या आहेत आणि त्यांच्याकडे प्रश्न विचारणाऱ्या मानसतज्ज्ञ बाई मराठी आहेत. मी त्यांना तिथीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “माझी आजी पण तशीच होती, काळजी करू नका.”

पहिल्याच दिवशी ती मोठी रक्तचाचणी नाहीच. आधी साध्या गोष्टी बघायच्या, आणि त्यांच्यावर माझी बरीच आशा आहे. बी-१२. आपण जन्माचे शाकाहारी, शिवाय आईनं दूधही सोडलंय. थायरॉइड, साखर, मग एमआरआय. मावशी गेल्यापासून आईचं मन कशात लागत नाही, तेही डॉक्टरांना सांगायचं, कारण उदासपणानंही माणूस विसरतो. रात्रीची झोपेची गोळी, जी बाबा तुम्ही केमिस्टकडून परस्पर आणता, तिची पट्टी बरोबर न्यायची. तसल्या गोळ्यांनीही स्मरणावर झापड येते. यातलं काही निघालं तर त्यावर उपाय आहेत. एका इंजेक्शनाच्या कोर्सनं सुटणारी गोष्ट आपण भीतीपोटी वर्षभर झाकून ठेवली असेल, तर मला ते सहन होणार नाही.

आणि कान. आई, मशीन लावायला तू नाही म्हणतेस, म्हातारी दिसते म्हणतेस. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी चौदा कारणं दिली आहेत ज्यांच्याबद्दल माणसाला काही करता येतं, आणि कमी ऐकू येणं त्यातलं मोठं आहे. ऐकू आलं नाही की माणूस बोलण्यातून उठून जातो. तू भजनी मंडळात जायचं बंद केलंस ते गुडघ्यामुळे म्हणतेस. मला वाटतं, ते कानामुळे आहे.

समजा, यातलं काहीच नसलं आणि अल्झायमरच निघाला. लिहितानाही हात थांबतोय, पण लिहिते. नवी औषधं आली आहेत, लेकानेमॅब आणि डोनानेमॅब. ती मेंदूतलं अमायलॉइड काढतात. गेलेलं परत आणत नाहीत. लेकानेमॅबच्या अठरा महिन्यांच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. मेंदूला सूज येण्याचा, बारीक रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून अधूनमधून एमआरआय करावे लागतात. खर्च मोठा आहे. ती आईला चालतील का, आपल्याला झेपतील का, ते तेव्हा डॉक्टरांबरोबर बसून बघू. पण ती सुरुवातीच्या टप्प्यातच देतात. आजीसारखं उशिरा पोचलं तर तो विचारसुद्धा करता येत नाही.

औषधापेक्षाही मला एक गोष्ट मोठी वाटते. आई, आज तू तुझं मत सांगू शकतेस. काय झालं तर तुला कुठे राहायचंय, इथे पुण्याला का बडोद्यातच. पोस्टातल्या ठेवींवर कुणाचं नाव. तुझ्या पाटल्या कुणाला. कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही. आजीला हे कुणी विचारलंच नाही, आपल्याला कळलं तोवर विचारायची वेळ गेली होती. म्हणून मी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलंय की निकाल आईच्या समोर, आईला सांगायचा. बाबा, त्यांना बाजूला घेऊन ‘हिला सांगू नका’ म्हणायचं नाही. हा एक शब्द मला द्या.

आणि आई, तूसुद्धा काही लपवत असशील. तुला सगळ्यात आधी कळलं असणार. पोथीत खूण घातलेलं पान तू परत परत वाचतेस, ते मी पाहिलं. तुला भीती वाटत असेल की आम्ही काळजी करू. आम्ही काळजी करतोच आहोत गं, तिघंही, तीन कोपऱ्यांत एकेकटे. ती एका जागी बसून करूया, एवढंच माझं म्हणणं आहे.

मी शुक्रवारी, २१ तारखेला रात्रीच्या गाडीनं निघते, शनिवारी सकाळी पोचेन. दहा दिवसांची रजा काढलीय. अपॉइंटमेंट सोमवारी, २४ ला, सकाळी साडेदहाची आहे. आईच्या कानाचा जुना रिपोर्ट लोखंडी कपाटात वरच्या खणात, पिवळ्या फाइलीत आहे, तो काढून ठेवा. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घाला, आयुर्वेदिक पण. स्टेशनवर यायची गरज नाही, मी रिक्षा करून येईन.

काल संकष्टी होती. आई, तू फोनवर चंद्रोदयाची वेळ मला न बघता सांगितलीस आणि ती बरोबर होती. मी कालनिर्णयात ताडून पाहिली.

चकल्या संपल्या असतील. रविवारी परत भाजणी भाजू, थोडीच. बाबा, आपण दोघं हॉलमध्ये बसायचं. आई थांबली तर थांबू दे. तिनं हाक मारली तरच उठायचं.

तुमची,
मनू