कास्तकाराशी, मजुराशी, बाईशी वेगळं बोला

मा. संपादक,

परवा आमच्या गावात पारावर कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीची सभा झाली. कृषी खात्याच्या तरुण साहेबांनी 'आर्थिक नुकसानीची पातळी', म्हणजे कीड किती वाढली की फवारायचं, ते समजावून सांगितलं. माहिती अचूक होती, पण मागं बसलेल्या बाया अर्ध्यातून उठून गेल्या. याच भागात मी कृषी सहायक म्हणून नोकरी काढली, म्हणून राहवलं नाही.

ती पातळी कास्तकाराला मी अशी सांगायचो : एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं या अळीचे नर पतंग ओढणारे सापळे लाव, सकाळी पतंग मोज. सलग तीन दिवस दर सापळ्यात आठ-आठ सापडले, की फवारणीचं पाहू. बायांना पतंगांशी काय करायचं? त्यांना विचारायचो, "बाई, कवडी येचाले किती येळ लागते वो?" मग त्याच बोलत्या व्हायच्या. कवडी म्हणजे किडक्या बोंडातला कापूस. तो सुटत नाही, वेचणीची मजुरी मिळते किलोवर, दिवसभर वाकूनही ओटी भरत नाही. तिथून डोमकळीवर यायचं. निंदताना ही आत अळी असलेली, मिटलेली, गुलाबाच्या कळीसारखी फुलं सगळ्यांच्या आधी त्यांनाच दिसतात. एकदा पटलं की त्या सांगायची वाट न पाहता ती तोडून आणायच्या.

फवारणीच्या मजुराचं तर जिवावरचं काम. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं माणसं गेली. ज्याला अक्षरओळख नाही, त्याला 'डब्यावरच्या सूचना वाचा' म्हणून काय उपयोग? त्याला डबा हातात देऊन त्यावरचा विषाचा रंगीत तिकोण दाखवावा लागतो : लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. आणि वारा तोंडावर आला की पंप खाली ठेव.

गाडगेबाबा आमच्याच वऱ्हाडातले. कीर्तनात ते प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्या तोंडून काढून घेत. 1956 सालच्या त्यांच्या वांद्र्याच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकता येतं. कृषी खात्यात नव्यानं येणाऱ्यांना प्रशिक्षणात ते एकदा तरी ऐकवावं, असं मला मनापासून वाटतं.

कृषी खात्याला विनंती आहे. येत्या हंगामात एकच पत्रक सगळ्यांना वाटू नका. कास्तकाराचं वेगळं, फवारणाऱ्याचं चित्रांचं, आणि बायांसाठी पत्रक नकोच. निंदणाच्या वेळी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर जाऊन बसा. छापण्याआधी मजकूर एखाद्या वेचणाऱ्या बाईला वाचून दाखवा. ती जिथं "म्हंजे काय?" म्हणेल, तो शब्द काढा.

– एक निवृत्त कृषी सहायक, जि. यवतमाळ